वाचकांचे प्रश्न : वचनाच्या आगेमागे

गेल्या अंकात मी अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हॅन्स आणि पोप फ्रान्सिस यांच्यातल्या मतभेदाबद्दल लिहिलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅन्स एका मुलाखतीत म्हणाले की ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे माणसाने आधी कुटुंबावर प्रेम करावं, मग शेजाऱ्यावर, मग आपल्या समाजावर, मग देशबांधवांवर, आणि त्यानंतर उरलेल्या जगावर. स्थलांतरितांना देशाबाहेर काढण्याच्या धोरणाची ते पाठराखण करत होते. १० फेब्रुवारीला पोपनी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहिलं. प्रेमाचा खरा क्रम समजून घ्यायचा तर वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर मनन करा, असं त्यात होतं. त्या लेखावर बरीच पत्रं आली, म्हणून आजचं सदर त्यांच्यासाठीच. पत्रं थोडक्यात दिली आहेत. मी पाळकाची मुलगी आहे, चर्चच्या बायबल वर्गात अनेक वर्षं शिकवलं आहे. या विषयाकडे मी लांबून पाहू शकत नाही, आणि तसं पाहायची माझी इच्छाही नाही.

प्रश्न : ताई, एकच बायबल हातात घेऊन दोन पक्षांची माणसं अगदी उलट बोलतात. मग त्यात नक्की काय लिहिलंय? की ज्याला जे हवं ते त्यात सापडतंच?

एकाच चर्चेत दोन वचनं समोरासमोर आली होती, तो प्रसंग सांगते. मे २०१३. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाची कृषी समिती. गरीब कुटुंबांना अन्न विकत घेण्यासाठी सरकार जी मदत देतं, ज्याला तिथे फूड स्टॅम्प म्हणतात, तिच्यात कपात सुचवलेली होती. कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट सदस्य हुआन व्हार्गास तरुणपणी काही वर्षं जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात होते. त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, पंचविसावा अध्याय काढला : ‘मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले.’ टेनेसीचे रिपब्लिकन सदस्य स्टीफन फिंचर यांनी पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रेषिताच्या थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातून उत्तर दिलं : ‘कोणाला काम करण्याची इच्छा नसेल तर त्याने खाऊही नये.’ फिंचर स्वतः शेतकरी. शेतीच्या सरकारी अनुदानाचे लाखो डॉलर त्यांनी घेतले होते, आणि तेव्हाच्या बातम्यांमधून ते सगळ्यांना कळलंही.

आता पौलाचं ते पत्र उघडा. तिथे देशाच्या अंदाजपत्रकाचा विषयच नाही. एका लहानशा मंडळीतले काही जण कामधंदा सोडून बसले होते आणि इतरांच्या कामात लुडबुड करत होते, त्यांना ही ताकीद आहे. ती देण्याआधी पौल स्वतःचा हिशेब मांडतो : आम्ही कोणाची भाकर फुकट खाल्ली नाही, कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस कष्ट केले. तो तंबू करून पोट भरणारा माणूस होता, म्हणून त्याला हे बोलण्याचा हक्क होता. आणि तीन वचनं पुढे तो मंडळीतल्या बाकीच्यांना सांगतो, ‘तुम्ही तर बरे करताना खचू नका.’ भुकेल्या घरांची मदत कमी करायला हे पत्र वापरायचं असेल तर दहावं वचन वाचून पुस्तक मिटावं लागतं. तेराव्यापर्यंत गेलं तर काम होत नाही. शिवाय त्या मदतीवर जगणाऱ्यांत लहान मुलं, वृद्ध आणि अपंग यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्याबद्दल ‘काम करण्याची इच्छा नाही’ असं म्हणायचं तरी कसं?

तुमच्या दुसऱ्या वाक्याबद्दल. हो, बायबलमध्ये पुष्कळ काही सापडतं. आम्ही प्रॉटेस्टंट जे बायबल वाचतो त्यात ६६ ग्रंथ आहेत. कायदे, वंशावळी, लढायांच्या बखरी, विलापगीतं, संदेष्ट्यांचा संताप, तुरुंगातून लिहिलेली पत्रं. निवड केल्यावाचून कोणालाच ते वाचता येत नाही. माझे वडील दर रविवारी उपदेशासाठी एक उतारा घ्यायचे, तीही निवडच होती. म्हणून ‘हे लोक निवडक वचनं वापरतात’ एवढ्याने माझं समाधान होत नाही. मी विचारते ते असं : निवडलेलं वचन कोणाला बांधतं? बोलणाऱ्याला, की समोर उभ्या असलेल्या, उलट बोलायची सोय नसलेल्या माणसाला?

हा प्रश्न फ्रेडरिक डग्लस यांच्यामुळे मला पहिल्यांदा नीट कळला. गुलामगिरीतून निसटलेले आणि पुढे अमेरिकेतले मोठे वक्ते झालेले डग्लस १८४५ च्या आत्मकथनात आपल्या मालकाबद्दल लिहितात. थॉमस ऑल्ड त्याचं नाव. १८३२ मध्ये मेथडिस्टांच्या एका शिबिरात त्याचं मनपरिवर्तन झालं. डग्लस यांना आशा वाटली की आता हा माणूस मऊ होईल. तो आणखी कठोर झाला. एका अधू तरुण गुलाम स्त्रीला बांधून चाबकाने मारताना तो लूकच्या शुभवर्तमानातलं वचन म्हणायचा : धन्याची इच्छा माहीत असूनही जो त्याप्रमाणे वागत नाही त्याला पुष्कळ फटके बसतील. लूक १२:४७. त्याच्या लगेच पुढचं वचन काय आहे? ‘ज्या कोणाला पुष्कळ दिले आहे त्याच्याजवळून पुष्कळ मागण्यात येईल.’ त्या ठिकाणी ज्याला पुष्कळ मिळालेलं होतं असा एकच माणूस होता, आणि चाबूक त्याच्याच हातात होता. हा भाग वर्गात वाचून दाखवताना दर वेळी माझा आवाज अडखळायचा. मुलं समजून गप्प बसायची.

याच काळातला आणखी एक पुरावा आहे. १८०७ मध्ये लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी ‘निवडलेले भाग’ अशा नावाचं. जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के भाग त्यात नाही आणि नवा करार जवळजवळ निम्मा गळलेला आहे. मोशे इस्राएल लोकांना मिसरच्या दास्यातून बाहेर काढतो ती हकिगत वगळलेली. ‘दास नाही आणि स्वतंत्र नाही, तुम्ही सर्व ख्रिस्त येशूमध्ये एकच आहात’ हे गलतीकरांस पत्रातलं वचन वगळलेलं. ‘दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञा पाळा’ हे मात्र ठेवलेलं. याच्या मोजक्याच प्रती आज उरल्या आहेत. त्यातली फिस्क विद्यापीठाकडची प्रत २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयात प्रदर्शनात ठेवली होती. आजच्या नेत्याला पानं गाळून वेगळं पुस्तक छापावं लागत नाही. कोणती पानं कधीच उघडायची नाहीत हे ठरवलं तरी परिणाम तोच होतो.

त्याच २०१८ सालचं उदाहरण घ्या. मेक्सिकोच्या सीमेवर बेकायदा आलेल्या आईवडिलांवर फौजदारी खटले भरायचे आणि मुलांना त्यांच्यापासून वेगळं ठेवायचं, असं धोरण सुरू झालं. काही आठवड्यांत दोन हजारांहून जास्त मुलं आईबापांपासून तुटली. चर्चमधूनच ओरड सुरू झाली. १४ जूनला इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहरात ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी त्यावर उत्तर दिलं. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातली पौलाची स्पष्ट आणि शहाणी आज्ञा आठवा, असं ते म्हणाले. सरकारचे कायदे पाळा, कारण सुव्यवस्थेसाठी देवानेच सरकार नेमलं आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

पौलाने पत्र लिहिलं तेव्हा त्यात अध्यायांचे आकडे नव्हते, ते कित्येक शतकांनी आले. बाराव्या अध्यायाचा शेवट आणि तेराव्याची सुरुवात सलग वाचायची आहे. बाराव्यात तो म्हणतो, परक्याचं आतिथ्य करा, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या. मग अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याची गोष्ट येते. आणि तेराव्याच्या दहाव्या वचनात या सगळ्याची कसोटी आहे : ‘प्रीती शेजाऱ्याचे काही वाईट करत नाही, म्हणून प्रीती हे नियमशास्त्राचे पूर्णपणे पालन होय.’ सेशन्स पहिल्या वचनापाशी थांबले. ही थांबण्याची जागा जुनी आहे. १८५० मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्या उपदेशकांनी हाच अध्याय धरला होता. बायबलच्या जुन्या करारातला ‘अनुवाद’ नावाचा ग्रंथ २३:१५ मध्ये म्हणतो, धन्याकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नकोस. कायद्याला सरळ भिडणारं हे वचन, आणि त्या व्यासपीठांना ते नको होतं.

सेशन्स यांच्या बाबतीत एक गोष्ट मला आवर्जून नोंदवावीशी वाटते. कॅथलिक बिशप परिषदेचे अध्यक्ष कार्डिनल डिनार्डो विरोधात बोलले. आणि ट्रम्प यांचे खंदे समर्थक असलेले धर्मोपदेशक फ्रँकलिन ग्रॅहम यांनीही, मुलांना असं तोडणं लाजिरवाणं आहे, असं म्हटलं. २० जूनला अध्यक्षांना आदेश काढून ते धोरण मागे घ्यावं लागलं. आपल्याच बाजूचा माणूस ‘हे चूक आहे’ म्हणतो तेव्हा ते ऐकलं जातं. विरोधकाच्या तोंडचं वचन किती ऐकलं जातं ते आपण पाहतोच.

प्रश्न : क्लिंटन यांच्या वेळी चारित्र्याच्या नावाने रान उठवणारी चर्चं ट्रम्प यांच्या वेळी गप्प का? मी ख्रिस्ती नाही, पण हे कोडं मला सुटत नाही.

जून १९९८ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या परिषदेने ठराव केला होता. नेत्यांची गंभीर पापं समाजाने खपवून घेतली तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते, असा त्याचा आशय. तो ठराव मला आजही पटतो. बदललं ते बाकीचं. सर्वेक्षणं करणाऱ्या पीआरआरआय या अमेरिकी संस्थेने २०११ मध्ये विचारलं होतं की खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक कामात नीतीने वागू शकेल का. तेव्हा गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट, ख्रिस्ती लोकांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये हेच प्रमाण ७२ टक्के झालं. पाच वर्षांत बायबल बदललं नव्हतं, उमेदवार बदलला होता.

याची सुरुवात मात्र खूप आधीची. जिमी कार्टर हे रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, एका लग्नाला जन्मभर धरून राहिलेले, स्वतःला उघडपणे ‘नवा जन्म झालेला’ ख्रिस्ती म्हणवणारे अध्यक्ष. १९८० मध्ये इव्हँजेलिकल मतदार मोठ्या संख्येने त्यांना सोडून रोनाल्ड रेगन यांच्याकडे गेले. रेगन घटस्फोटित होते, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६९ मध्ये दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा त्यांनीच सहीने मंजूर केला होता. घटस्फोटाबद्दल येशू काय म्हणाला याविषयी शंकेला जागा नाही. मार्कचा दहावा अध्याय वाचा. घटस्फोटित माणसाला मत देऊ नये असं माझं म्हणणं नाही. येशू ज्याच्यावर इतकं स्पष्ट बोलला ती गोष्ट चारित्र्याच्या यादीतून अलगद गळाली आणि कोणी विचारलंही नाही, याचं मला वाईट वाटतं.

गप्प का, याला समर्थकांकडे एक उत्तर आहे आणि तेही बायबलमधूनच येतं. काही जण ट्रम्प यांना पारसाचा राजा कोरेश म्हणतात. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात देव या परधर्मी राजाला आपल्या कामासाठी वापरतो. काही जण दावीद राजाचं नाव घेतात : त्यानेही व्यभिचार केला, तरी देवाने त्याला टाकलं नाही. दाविदाची गोष्ट सांगणाऱ्यांना मी नाथान संदेष्ट्याबद्दल विचारते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नाथान राजासमोर उभा राहतो, एका गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, आणि राजा चिडला की म्हणतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ दावीद त्यावर मान खाली घालतो. ‘मी पाप केले आहे’ असं म्हणतो. ज्यांना आपला नेता दावीद वाटतो त्यांनी दरबारात नाथानाची जागा रिकामी ठेवू नये. अमेरिकेतल्या ज्या पाळकांना अध्यक्षांच्या कचेरीत थेट प्रवेश आहे, त्यांचं हेच काम आहे. ते होत नाही याचा मला मनापासून राग आहे, कारण माझ्या वडिलांचा व्यवसाय तोच होता आणि त्यांना मी श्रीमंत सभासदासमोर कटू बोलताना पाहिलं आहे.

प्रश्न : तुमची सगळी उदाहरणं उजव्यांची असतात. डावे काय धुतल्या तांदळासारखे आहेत?

नाहीत. तुमचं पत्र रागाचं असलं तरी प्रश्न रास्त आहे.

डेमोक्रॅट नेत्या आणि तेव्हाच्या प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी २००८ च्या वसुंधरा दिनी बायबलच्या जुन्या करारातलं म्हणून एक वाक्य दिलं. देवाच्या सृष्टीची गरज भागवणं ही उपासना आहे, अशा अर्थाचं. असं वचन बायबलमध्ये नाही. अभ्यासकांनी शोधलं, सापडलं नाही. आशय कितीही चांगला असो, शास्त्राच्या नावावर खपवणं चुकीचंच.

त्याहून जास्त मला खटकतं ते अर्धवट दयेचं राजकारण. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगडमार करायला जमाव येतो. ‘तुमच्यामध्ये जो निष्पाप असेल त्याने प्रथम दगड टाकावा,’ हे सगळ्यांना पाठ असतं. शेवटचं वाक्य, ‘जा, पुन्हा पाप करू नकोस,’ हे उदारमतवादी भाषणांत मी क्वचितच ऐकलं आहे. ‘दोष काढू नका’ हे मत्तय ७:१ सुद्धा तसंच वापरलं जातं. पुढे येशू म्हणतो की आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ तसंच राहू दे, असं तो म्हणत नाही.

आणि गर्भपात. मत्तयाचा पंचविसावा अध्याय स्थलांतरितांसाठी उचलून धरणारे कितीतरी कॅथलिक डेमोक्रॅट नेते पोटातल्या जिवाबद्दलच्या आपल्याच चर्चच्या शिकवणीपाशी आले की श्रद्धा ही खासगी बाब आहे असं म्हणतात. न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी १९८४ मध्ये नोत्र दाम विद्यापीठात या भूमिकेची मांडणी केली. भाषण विचारपूर्वक केलेलं होतं, मी त्याचा आदर करते. पण मग भुकेल्याला अन्न देणं हेही खासगीच का नाही, याचं उत्तर मला त्यात मिळालं नाही.

फ्रान्सिस यांच्यानंतर आलेले पोप लिओ चौदावे स्वतः अमेरिकन, शिकागोचे. इलिनॉयचे सिनेटर डिक डर्बिन हे गर्भपाताच्या हक्काचे समर्थक. स्थलांतरितांसाठीच्या कामाबद्दल शिकागोचं चर्च त्यांचा सन्मान करणार होतं, त्यावरून सप्टेंबर २०२५ मध्ये वाद पेटला. पोपना विचारलं गेलं. ते म्हणाले की गर्भपाताला विरोध आणि मृत्युदंडाला पाठिंबा, असं असेल तर तो माणूस खऱ्या अर्थाने जीवनाच्या बाजूचा नाही. स्थलांतरितांना अमानुष वागणूक द्यायला जो तयार आहे तो तरी जीवनाच्या बाजूचा म्हणायचा का, असाही प्रश्न त्यांनी विचारला. डर्बिन यांनी सन्मान नाकारला. पोपचं उत्तर दोन्ही पक्षांना गैरसोयीचं होतं, आणि म्हणूनच मला ते विश्वासार्ह वाटलं.

तरीही एक फरक मी पुसणार नाही. दोन्हीकडे निवड होते हे खरं, पण ज्या बाजूच्या हातात आज अटक करण्याची, देशाबाहेर काढण्याची आणि मदत तोडण्याची सत्ता आहे, त्या बाजूच्या निवडीने जास्त माणसं भरडली जातात. माझी उदाहरणं सत्तेकडे झुकतात ती यामुळे.

प्रश्न : येशू गर्भपाताबद्दल काय म्हणाला? एका वाक्यात सांगा.

चारही शुभवर्तमानांत त्याबद्दल एकही वाक्य नाही.

एका वाक्यावर थांबले तर मात्र मीही तेच करीन ज्याबद्दल तक्रार करते आहे. बायबलबाहेरच्या ‘डिडाखे’ या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती ग्रंथात गर्भपाताला स्पष्ट मनाई आहे, त्यामुळे हा विरोध विसाव्या शतकातल्या राजकारण्यांनी शोधून काढला असं म्हणता येत नाही. पण १९७१ मध्ये याच सदर्न बॅप्टिस्टांनी ठराव करून बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताला कायद्याने परवानगी असावी असं म्हटलं होतं, हेही तितकंच खरं.

प्रश्न : मग धर्म राजकारणाबाहेरच ठेवलेला बरा, नाही का?

मला असं वाटत नाही. एप्रिल १९६३ मध्ये अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढलं : निदर्शनं थांबवा, कायदा पाळा, धीर धरा. मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांना उत्तर लिहिलं. त्यात आमोस संदेष्टा आहे, पौल आहे, येशू आहे. किंग यांनी निवड केली नाही का? केली. पण ‘न्याय पाण्यासारखा वाहू द्या’ हे वचन निवडणारा माणूस त्यासाठी कोठडीत बसला होता. पुढे त्याने जीवही दिला. त्या माणसाला आम्ही म्हणायचं का, की तुझा धर्म घरी ठेवून ये?

२१ जानेवारी २०२५ चा वॉशिंग्टन नॅशनल कॅथेड्रलमधला प्रसंगही घ्या. बिशप मरियन बडी यांनी समोर बसलेल्या अध्यक्ष ट्रम्प यांना उद्देशून विनंती केली : घाबरलेल्या लोकांवर दया करा, ज्या मुलांना आपले आईवडील नेले जातील अशी भीती आहे त्यांच्यावर दया करा. शांत आवाजात, ‘अध्यक्ष महोदय’ असं संबोधून, समोरासमोर. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी माफीची मागणी केली. बडी यांनी माफी मागितली नाही. दाविदाच्या दरबारातली ती रिकामी जागा मला त्या सकाळी भरलेली दिसली.

उलटी उदाहरणं युरोपातही आहेत, ती भरभर सांगते कारण पद्धत तीच. इटलीचे मात्तेओ साल्विनी २०१८ च्या प्रचारात हातात जपमाळ घेऊन बोलले, आणि त्याच वर्षी गृहमंत्री झाल्यावर समुद्रातून वाचवलेल्या ६०० हून जास्त माणसांचं ‘अक्वेरियस’ जहाज त्यांनी बंदराला लागू दिलं नाही. हंगेरीत ख्रिस्ती लोकशाहीचं नाव घेणाऱ्या व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारने तेव्हाच आश्रय मागणाऱ्यांना मदत करणाऱ्यांना शिक्षा करणारा कायदा केला. आणि १८ मार्च २०२२ ला, युक्रेनवर हल्ला करून महिनाही झाला नव्हता तेव्हा, पुतिन मॉस्कोच्या लुझनिकी मैदानात योहान १५:१३ म्हणाले : आपल्या मित्रांसाठी आपला प्राण द्यावा यापेक्षा मोठी प्रीती कोणाची नाही. येशूने ते वाक्य स्वतःच्या मरणाच्या आदल्या रात्री, स्वतःच्या मरणाबद्दल उच्चारलं होतं. दुसऱ्यांच्या मुलांना मरायला पाठवताना त्याने ते म्हटलं नव्हतं. या एका वापराइतका दुसरा कुठलाच मला इतका जिव्हारी लागला नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या मंडळीत हा भाग वाचतात तेव्हा लोक रडतात.

धर्म बाहेर काढून ही माणसं थांबणार नाहीत. ती दुसरी पवित्र भाषा शोधतील. मात्र बायबल जाणणाऱ्यांनी तोंड मिटलं तर त्यांना अडवणारं कोणीच उरणार नाही.

प्रश्न : मावशी, मी कॉलेजात आहे. नेत्याने वचन म्हटलं की ते तपासायचं कसं? मला बायबल अजिबात येत नाही.

येत नसलं तरी चालेल. अध्याय आणि वचनाचा आकडा लिहून घे आणि त्याच्या आधीचं व नंतरचं पान वाच. मग बघ की वचनाचा भार कोणावर पडतोय. जमलं तर त्याच ग्रंथात शेजारी काय आहे तेही बघ. समलिंगी संबंधांवर बोलताना लेवीय १८:२२ चा दाखला अमेरिकेत सारखा देतात. पुढच्याच अध्यायात, लेवीय १९:३४ मध्ये, तुमच्याबरोबर राहणाऱ्या परक्याला स्वदेशीय समजा आणि त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा असं आहे, ते क्वचित ऐकू येतं. निर्गम २२:२५ मध्ये गरिबाला कर्ज दिलं तर व्याज घेऊ नका असं आहे. कर्जवसुलीच्या कायद्यांवर बोलताना हे वचन कोणी काढत नाही.

कॅन्ससचे रॉजर मार्शल, तेव्हा प्रतिनिधीगृहाचे सदस्य आणि पेशाने डॉक्टर, २०१७ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यावर बोलताना म्हणाले की गरीब नेहमी आपल्यात असतील असं येशूनेच म्हटलं आहे. मार्क १४:७ उघड. वाक्य तिथे संपत नाही : ‘पाहिजे तेव्हा तुम्हांला त्यांचे बरे करता येते.’ आणि येशू ज्या जुन्या वचनाची आठवण देतोय ते अनुवाद १५:११, त्यात गरीब देशात नेहमी असतील म्हणूनच आपला हात सैल सोड अशी आज्ञा आहे.

सरावासाठी एक तुला देते. फेब्रुवारी १९८५ मध्ये रेगन यांनी धार्मिक प्रसारकांच्या सभेत संरक्षणखर्च वाढवण्याच्या बाजूने बोलताना लूक १४:३१ आणि ३२ चा दाखला दिला. दहा हजार सैन्य घेऊन वीस हजारांवर जाणारा राजा आधी बसून विचार करतो, आणि जमणार नसेल तर शत्रू दूर आहे तोवरच वकील पाठवून तहाचं बोलणं करतो, अशी ती दोन वचनं आहेत. शास्त्र आपल्या बाजूचं आहे, असं ते म्हणाले. तू पंचविसाव्या वचनापासून तेहतिसाव्यापर्यंत वाच. येशू कोणाशी बोलतोय, शिष्य होण्याची काय किंमत तो सांगतोय आणि राजाचा दाखला त्यासाठी कसा आला ते बघ, आणि मग रेगन जिथे थांबले त्याच्या पुढच्या वचनाबद्दल मला लिही. मी पुढच्या अंकात तुझं पत्र छापीन.